जुनी रायफल घेताना: नळी बघा, नंबर बघा, मग पैसे मोजा

पुतणीची पहिली स्पर्धा होती. रायफल तपासणीच्या टेबलावर ठेवली तेव्हा तिथल्या पंचांनी ना वजन बघितलं, ना चाप बघितला. त्यांनी आधी हवेचं सिलिंडर फिरवून त्यावर कोरलेली तारीख वाचली. दहा वर्षं होऊन चार महिने झाले होते. पोर माझ्याकडे वळून म्हणाली, "काका, हे चालत नाही म्हणायलेत." मी परभणी जिल्ह्यातल्या पूर्णेहून रात्रीच्या गाडीनं तिला घेऊन गेलो होतो आणि रायफल घेताना माझं लक्ष फक्त लाकडावरच्या चकाकीकडे होतं. नव्यापेक्षा निम्म्यात मिळाली या आनंदात मी तारीख वाचलीच नव्हती. विकणाऱ्यानंही ती सांगितली नव्हती. त्या दिवशी दुसऱ्या एका मुलीच्या वडिलांनी त्यांचं जादा सिलिंडर दिलं म्हणून पोर खेळली.

तेव्हापासून पूर्णा, वसमत, गंगाखेडकडचे पालक मला विचारत येतात की जुनी रायफल घ्यावी का, कितीला घ्यावी, काय बघावं. त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. खाली दिलेल्या किमती ढोबळ आहेत. युरोचा भाव, आयात शुल्क आणि विक्रेता यांनुसार त्या वरखाली होतात. पण कोणता खर्च कशापेक्षा मोठा, हे प्रमाण सहसा बदलत नाही, आणि हिशेब चुकतो तो तिथेच.

आधी कोणती रायफल, ते ठरवा

नेमबाजीची रायफल बहुतेक वेळा सिंगल-शॉट असते. एक गोळी हातानं ठेवायची, बोल्ट किंवा खटका बंद करायचा, मारायची, पुन्हा दुसरी ठेवायची. मॅगझिन नाही, भराभर फैरी नाहीत. एनसीसीत ज्यांनी .22 डीलक्स चालवली त्यांना हे थोडं वेगळं वाटेल, कारण तिला मॅगझिन होतं. पण स्पर्धेत गोळीगणिक श्वास, खांदा, नजर सगळं नव्यानं बसवायचं असतं, म्हणून एकच गोळी पुरते.

यात दोन घरं आहेत. पहिलं 10 मीटरची एअर रायफल, हवेवर चालणारी, 4.5 मिलिमीटरच्या छर्‍याची. दुसरं 50 मीटरची .22 रायफल, बारुदाच्या काडतुसाची. स्वप्नील कुसाळेनं 1 ऑगस्ट 2024 ला पॅरिसमध्ये ब्राँझ मिळवलं ते दुसऱ्या घरात, 50 मीटर थ्री पोझिशनमध्ये. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा हा मुलगा, तेव्हा मध्य रेल्वेत टीसी होता. त्या दुपारी पूर्णा जंक्शनवर टीव्हीसमोर उभे असलेले रेल्वेवाले जणू घरचं लग्न असल्यासारखे हसत होते. 1952 ला हेलसिंकीत खाशाबा जाधवांनी कुस्तीत पदक घेतलं, त्यानंतर महाराष्ट्राच्या खेळाडूचं हे पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. मग घरोघरी .22 ची चौकशी सुरू झाली. माझं उत्तर तेव्हाही हेच होतं, आजही हेच आहे: पहिली रायफल हवेची घ्या.

याला कारण कायद्याचं आहे आणि पैशाचंही आहे. 4.5 मिलिमीटर बोअरच्या आणि 20 ज्यूलपेक्षा कमी जोराच्या एअर रायफलीला 2016 च्या शस्त्र नियमांनुसार परवाना लागत नाही. स्पर्धेच्या एअर रायफलीचा जोर साडेसात ज्यूलच्या आसपासच असतो. .22 ला मात्र परवाना लागतो आणि तिचा सराव मान्य रेंजवरच करता येतो. एअर रायफलीला दहा मीटर, म्हणजे तेहेतीस फुटांची मोकळी, बंद जागा पुरते. जुन्या वाड्याची पडवी, शाळेचा हॉल, धान्य रिकामं झालेलं गोदामही चालतं. भिंतीवर टार्गेटचा मध्य जमिनीपासून 1.4 मीटरवर आला पाहिजे, मागे छर्रे अडवणारी जाड पेटी हवी, आणि मारणाऱ्याच्या पुढे कुणाला जाता येणार नाही असं दार. एवढी तयारी पूर्णेत होते. .22 साठी मात्र बालेवाडीसारख्या ठिकाणी जावं लागतं. 1994 च्या राष्ट्रीय खेळांसाठी उभारलेल्या त्या क्रीडा संकुलात पन्नास मीटरची रेंज आहे. पूर्णेहून तिथे जायचं म्हणजे एक रात्र गाडीत, एक दिवस रेंजवर आणि परतीला पुन्हा एक रात्र गाडीत.

जुन्या एअर रायफलीत पैसे कुठे जातात

सगळ्यात स्वस्त म्हणजे स्प्रिंगची, नळी मोडून ताण द्यायची एअर गन. देशी बनावटीची दहा ते वीस हजारांत नवी मिळते. महाराष्ट्रातच प्रेसिहोल ही कंपनी एअर रायफली बनवते, त्यामुळे सुटे भाग मिळायला अडचण येत नाही. नळी, माशी, चाप, श्वास यांची ओळख होण्यासाठी ती ठीक. तिच्यात स्प्रिंग सुटताना झटका बसतो, म्हणून मोठ्या स्पर्धेत ती पुरत नाही. पण पोराला सहा महिन्यांत हा खेळ नको वाटला तर तुमचे पंधरा हजारच गेले, दोन लाख नाही. मुलीचा कल अजून कळलेला नसेल तर याहून महाग काही घेऊच नका.

दुसरी पायरी दाबाच्या हवेच्या सिलिंडरची मॅच रायफल. वॉल्थर, फाइनवेर्कबाऊ, अन्शुट्झ ही जर्मन नावं रेंजवर रोज कानावर पडतात. नवी साधारण दोन ते चार लाखांत जाते. जुनी मिळते ती लाखाच्या अलीकडून दोन लाखांपर्यंत. हा बाजार बहुतेक खेळाडूंमधलाच आहे. कुणी वरच्या मॉडेलवर गेला, कुणी दहावी-बारावीला खेळ सोडला, कुणाला नोकरी लागली. दुकानापेक्षा रेंजच्या नोटीस बोर्डावर आणि प्रशिक्षकांच्या ओळखीतून चांगली रायफल मिळते, आणि तिनं किती छर्रे मारले हे मारणाराच सांगू शकतो.

आता तपासणी. सिलिंडरची तारीख पहिली. आंतरराष्ट्रीय नियमानं सिलिंडर उत्पादकानं दिलेल्या मुदतीत, जास्तीत जास्त दहा वर्षांच्या आत असलं पाहिजे. ते बघण्याची जबाबदारी खेळाडूची. नवं सिलिंडर मागवायचं तर पंचवीस-तीस हजार ते चाळीसपर्यंत गृहीत धरा. म्हणजे आठ वर्षांचं सिलिंडर असलेली रायफल दीड लाखाला सांगितली, तर मी ती दीडची धरत नाही, पावणेदोन-एकऐंशीची धरतो आणि भाव तिथून पाडायला लागतो. विकणाऱ्याकडे दोन सिलिंडरं असतील तर दोन्हींच्या तारखा वेगवेगळ्या लिहून घ्या.

मग हवेची गळती. संध्याकाळी पूर्ण दाबानं भरून ठेवा, काटा कुठे आहे याचा फोनवर फोटो काढा, सकाळी पुन्हा बघा. काटा खाली आलेला दिसला तर जोडाच्या ठिकाणी साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का ते बघा. रबरी सील बदलणं फार महाग नसतं, पण पार्सल पुण्या-मुंबईला पाठवायचं, पंधरा दिवस थांबायचं आणि त्या पंधरा दिवसांत स्पर्धा यायची, हा खरा खर्च.

त्यानंतर मागची साइट. मॅच रायफलीवर मागे बारीक छिद्राची, दोन्ही बाजूंना टकटक फिरणारी साइट असते. जुन्याच्या जाहिरातीत ती बऱ्याचदा फोटोत दिसते आणि सौद्यात नसते. "साइट वेगळी" असं शेवटी सांगतात. ती नवी घ्यायची तर तीस हजारांच्या घरात. फिरवून बघा, दोन टिचक्या उजवीकडे आणि दोन डावीकडे फिरवल्यावर नेम जिथं होता तिथं परत येतो का. ढिली साइट म्हणजे रोज नवी रायफल.

नळी शेवटी बघतो, कारण एअर रायफलीची नळी सहसा झिजत नाही. शिशाचा मऊ छर्रा दीडशे-पावणेदोनशे मीटर प्रतिसेकंदानं जातो, बारूद नाही, आग नाही. बिघडतं ते नळीचं तोंड. कुणी लोखंडी सळईनं तोंडाच्या बाजूनं साफ केली असेल, पडली असेल, तर तोंडाच्या कडेवर बारीक खरचटा दिसतो. दहा मीटरवर रायफल वाळूच्या पिशव्यांवर टेकवून पाच छर्रे मारा. चांगल्या रायफलीचे पाच छर्रे एकाच भोकात जातात, ते भोक एका छर्‍यापेक्षा फार मोठं होत नाही. दहाचं टिंब अर्ध्या मिलिमीटरचं असतं, म्हणून इथं सवलत देऊ नका.

आणि माप. हे सगळ्यांना शेवटी आठवतं. पट्टीचा नेमबाज असलेल्या एखाद्या उंच मुलाची रायफल चौदा वर्षांच्या मुलीच्या खांद्याला लांब होते. दस्ता मागेपुढे, गालाची फळी वरखाली होते का बघा. पूर्ण आखडूनही मागचा भाग लांब पडत असेल तर ती रायफल कितीही स्वस्त असो, सोडून द्या. स्पर्धेत एअर रायफलीचं वजन साडेपाच किलोच्या वर जाता येत नाही, पण मुलीसाठी खरी मर्यादा तिच्या पाठीची आहे. वजनं काढून टाकता येतात अशी रचना घ्या. डाव्या डोळ्यानं नेम धरणाऱ्यांनी डाव्या हाताचीच शोधावी. तशी जुनी क्वचित निघते, थांबायची तयारी ठेवा.

दरमहा किती

पालक रायफलीच्या किमतीला घाबरतात आणि छर्‍यांकडे बघत नाहीत. स्पर्धेत साठ गोळ्या, मुलांना आणि मुलींना सारख्याच. सरावात सुरुवातीच्या जुळवाजुळवीच्या धरून रोज ऐंशी. आठवड्याला पाच दिवस, महिन्याला चार आठवडे: सोळाशे. मॅचच्या छर्‍यांची डबी पाचशेची असते, म्हणजे महिन्याला तीन डब्या आणि थोडे वर. चांगली डबी हजाराच्या आसपास धरली तर महिन्याला तीन-सव्वातीन हजार, वर्षाला चाळीस हजारांच्या जवळ. तीन वर्षांत रायफलीइतकेच पैसे छर्‍यांत गेले. सरावासाठी निम्म्या किमतीचे छर्रे वापरा, पण रायफल ज्या छर्‍यावर तपासलीय त्याच्या दोन डब्या स्पर्धेसाठी बाजूला ठेवा.

हवा भरण्याचा प्रश्न आपल्याकडे खास आहे. पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर इथं कामाचा नाही. त्याचा दाब आठ-दहा बारचा, आपल्याला दोनशे बार हवेत. आणि कुणी सुचवलं तरी दवाखान्याचा ऑक्सिजन भरू नका. दाबातला ऑक्सिजन तेलाच्या अंशाला लागला तर सिलिंडर फुटतं, माणूस जातो. पूर्णेत उपाय एकच: उंच दाबाचा हातपंप, दहा ते वीस हजारांचा. पावसाळ्यात हवेत ओल असते तेव्हा पंपाच्या ओल गाळणाऱ्या भागातली गोळी वेळेवर बदला, नाहीतर पाणी सिलिंडरात जातं. पंप मारताना घाम निघतो. पुतणी म्हणते, हाच तिचा व्यायाम.

जॅकेट, पँट, बूट, हातमोजा यांचा देशी संच वीस ते चाळीस हजारांत येतो. जुना घ्यायला हरकत नाही, पण ताठपणा आणि जाडी यांना नियम आहेत आणि ते मोजलं जातं, म्हणून मोजून घेतलेलाच घ्या. अंगात वाढणाऱ्या मुलीला नवा शिवून घेऊ नका.

.22: इथं कागद पहिला

दोन-तीन वर्षांनी गुण चढत गेले, राज्य संघटनेच्या स्पर्धा झाल्या, मावळणकर स्पर्धेपर्यंत मजल गेली, की .22 चा विषय निघतो. मावळणकर म्हणजे लोकसभेचे पहिले अध्यक्ष ग. वा. मावळणकर. 1951 मध्ये राष्ट्रीय रायफल असोसिएशन उभी राहिली ती त्यांच्या पुढाकारानं, आणि राष्ट्रीय स्पर्धेआधीची पात्रता स्पर्धा आजही त्यांच्या नावानं भरते. आपल्या मुलांना या नावाचा माणूस कोण होता हे सांगायला हवं, म्हणून थांबून लिहिलं.

.22 घेताना क्रम उलटा करायचा नाही. आधी परवाना, मग रायफल. परभणी जिल्ह्यात अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो, अहवाल पोलिसांकडून येतो, शस्त्र सुरक्षेचं प्रशिक्षण घेतल्याचं प्रमाणपत्र लागतं. परवाना एकवीस वर्षं पूर्ण झाल्यावरच मिळतो. त्याआधी मुलं क्लबच्या किंवा संघटनेच्या रायफलीवर, देखरेखीखाली सराव करतात. म्हणून सतरा वर्षांच्या मुलासाठी "आत्ता घेऊन ठेवू" म्हणून कुणी पेशगी देत असेल तर त्याला थांबवा. 2019 च्या दुरुस्तीनं परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच झाली आणि एका परवान्यावर दोनच शस्त्रं राहिली. नेमबाजांना वेगळी तरतूद आहे, पण ती क्लबचं सदस्यत्व आणि सरावाचा उद्देश यांच्याशी बांधलेली आहे.

खासगी माणसाकडून घ्यायची तर शस्त्र कायद्याचं कलम 5 वाचून घ्या. विकणाऱ्यानं कुणाला विकतोय त्याचं नाव-पत्ता देऊन जिल्हाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवायचं, आणि त्यानंतर पंचेचाळीस दिवस गेल्याशिवाय हस्तांतर होत नाही. हे दीड महिने सौद्यात धरा. पूर्ण पैसे आधी देऊ नका. थोडी रक्कम, लेखी पावती आणि त्यात रायफलीचा नंबर.

त्या नंबराबद्दल अजून. माझ्या ओळखीत एकानं घेतलेल्या .22 वर ॲक्शनचा, म्हणजे बोल्ट बसतो त्या सांगाड्याचा, नंबर परवान्यात होता तोच निघाला, पण नळीचा नंबर दुसराच होता. आधीच्या मालकानं नळी बदलली होती आणि कागदावर चढवली नव्हती. रायफल चांगली होती. तरी ती ठाण्यात जमा राहिली आणि मालक महिनोन्‌महिने अर्ज करत बसला. जिथं जिथं नंबर कोरलेला आहे, ॲक्शन, नळी, बोल्ट, ते सगळे कागदाशी ताडून बघा, आणि मगच नेम धरा.

नवी मॅच .22 चार लाखांच्या पुढे सुरू होते. जुनी दोन ते तीनमध्ये पडते. दहा-पंधरा वर्षांची असली तरी बिघडण्यासारखं तिच्यात फार नसतं, नळी सोडून.

नळी: बदलायची की नाही

.22 ची नळी खूप टिकते, हजारोंनी गोळ्या खाते. पण या काडतुसाच्या कडेत भडका उडवणारं जे मिश्रण असतं त्यात काचेची बारीक पूड असते. प्रत्येक गोळीला ती नळीच्या तळाशी, गोळी बसते त्या जागेच्या जरा पुढे घासत जाते. वर्षांनुवर्षं मारलेल्या नळीत तिथं खालच्या बाजूला खडबडीत पट्टा तयार होतो. बारीक कॅमेरा आत सोडला की दिसतो. तो दिसला म्हणून नळी लगेच बाद होत नाही, पण भावात ती गोष्ट यायला हवी. दुसरी जागा म्हणजे काडतूस बसतं त्याची कडा. रिकामी रायफल वारंवार चाप ओढून वाजवली असेल तर बोल्टच्या सुईचा घाव तिथं पडतो, मग रिकामी काडतुसं अडकतात.

डोळ्यापेक्षा कागदावरची परीक्षा खरी. पन्नास मीटरवर दहाचं वर्तुळ 10.4 मिलिमीटरचं, गोळी 5.6 ची, आणि गोळीची कड वर्तुळाला शिवली तरी दहा. म्हणजे बाहेरून बाहेर मोजलेला साडेएकवीस मिलिमीटरचा गट अगदी मध्यावर बसला तरच सगळे दहा. माणसाच्या थरथरीला जागा उरायची तर रायफल शिकंज्यात बांधून दहा गोळ्यांचा गट याहून बराच लहान पडला पाहिजे. एका लॉटच्या, म्हणजे एकाच खेपेत बनलेल्या, गोळ्यांवर वाईट पडला तर लगेच नळीला दोष देऊ नका. त्याच कंपनीच्या दुसऱ्या लॉटवर तीच नळी सुधारलेली मी पाहिली आहे. तीन-चार लॉट तपासा, ज्यावर गट लहान त्याच्या पेट्या घ्या. नळी बदलण्यापेक्षा हे कितीतरी स्वस्त.

तरीही बदलायचीच वेळ आली, तर रायफलीत नळी कशी बसवली आहे हे आधी विचारा. काही रायफलींत ती पेचानं घट्ट बसवलेली असते. काहींत दाबून बसवून आडव्या पिना ठोकलेल्या असतात. आणि नव्या रचनेच्या बऱ्याच मॅच रायफलींत ॲक्शन नळीला स्क्रूंनी आवळतो. ते ठरावीक ताणाच्या पान्यानं ढिले केले की नळी हातात येते. जुनी घेताना, पुढे नळी बदलण्याचा विचार असेल, तर ही तिसरी जात घ्या, पन्नास हजार जास्त पडले तरी. पहिल्या दोन जातींत नळीइतकाच खर्च बसवणाऱ्याच्या हातावर होतो.

बसवताना सगळा खेळ एका मापाचा. .22 काडतूस त्याच्या कडेवर बसतं, आणि बोल्ट बंद झाल्यावर त्या कडेसाठी उरणारी जागा 1.09 मिलिमीटरच्या आसपास हवी. जास्त उरली तर सुईचा मार हलका पडतो, गोळी कधी उशिरा पेटते, कधी पेटत नाही, कड फुटून मागे वायू येण्याचाही धोका असतो. कमी उरली तर बोल्ट बंदच होत नाही, किंवा जोरानं बंद करताना गोळी पेटण्याचं भय. हे माप मोजण्याची साधनं लागतात. म्हणून हे काम पूर्णेतल्या किंवा परभणीच्या एमआयडीसीतल्या लेथवाल्याकडे नेऊ नका. तो मिलिमीटरचा शंभरावा भाग पकडेल, मला त्याच्या हाताबद्दल शंका नाही. पण शस्त्राची दुरुस्ती, बदल, चाचणी ही परवानाधारक शस्त्र कारागिरानंच करायची असते. बिनपरवाना केलं तर तो कारागीर आणि तुम्ही, दोघं अडकता.

खर्च असा मांडा. युरोपात चांगली मॅच नळी सत्तर हजार ते सव्वालाखाच्या घरात. त्यावर शुल्क आणि आणण्याचा खर्च. मग बसवणी, मोजणी, नव्या नळीवर लॉटची चाचणी, त्यासाठी रेंजचे दोन-तीन दिवस आणि गाडीचं भाडं. जुन्या रायफलीच्या निम्मी रक्कम सहज होते. म्हणून दीड लाखाला मिळालेल्या रायफलीवर लाखाची नळी घालण्यापेक्षा तपासलेल्या नळीची अडीच लाखांची रायफल मी सुचवतो.

आता कागद. कायद्याच्या व्याख्येत शस्त्राचे भागही शस्त्रातच येतात. सुटी नळी कपाटात ठेवली तर ती "सुटा भाग" म्हणून सुटत नाही. दुसरी नळी आणण्याआधी जिल्हाधिकारी कार्यालयात लेखी अर्ज द्या, ती परवान्यावर चढवून घ्या, जुन्या नळीचं काय करणार हेही त्यात लिहा.

काहीजण मोबाईलवर बघून विचारतात, अमेरिकेत एकाच रायफलीला वेगवेगळ्या बोअरच्या नळ्या बसवतात, आपण का नाही? तिकडे थॉम्पसन सेंटरची काँटेंडर 1967 पासून निघाली. ती पिस्तूल म्हणून आली; एका चौकटीवर पिन काढून नळी बदलायची, पुढे तिच्या रायफलीही झाल्या. शिकारीसाठी ती कल्पना चांगली. आपल्याकडे परवाना बोअरनिहाय असतो, आणि 2019 पासून कलम 6 मध्ये एका प्रकारचं शस्त्र दुसऱ्या प्रकारात बदलणं परवान्याशिवाय करता येणार नाही असं स्पष्ट आलं. नळीची लांबी कमी करणंही त्याच कलमात आहे. तेव्हा .22 ची नळी .22 चीच.

शेतातल्या एकनळीबद्दल दोन शब्द

आमच्या तालुक्यात अजून काही घरांत आजोबांच्या वेळची बारा बोअरची एकनळी भिंतीवर आहे, कुठे ठासणीची. हळदीत आणि सोयाबीनमध्ये रानडुकरं, रोही शिरतात तेव्हा तीच आठवते. पीक राखण्यासाठी ठासणीच्या बंदुकीचा उल्लेख शस्त्र कायद्यातच आहे, आणि वीस इंचांपेक्षा आखूड नसलेल्या नळीच्या गुळगुळीत बोअरच्या बंदुकीचाही. पण बंदुकीचा परवाना म्हणजे जनावर मारायची परवानगी नव्हे. ती वनखात्याकडून वेगळी घ्यावी लागते. वारशानं आलेली बंदूक मालक गेल्यावर परवाना नसताना घरात ठेवू नका. पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करा आणि मग आपल्या नावावर अर्ज करा. निवडणुकीच्या आचारसंहितेत जमा करायला सांगितलं तर पावती घ्या आणि जमा करताना नळीच्या तोंडाचा फोटो काढून ठेवा. ठाण्याच्या ओलसर खोलीत दोन महिने तेल न लावता राहिलेल्या नळ्या मी परत आलेल्या पाहिल्यात.

गाडीनं नेताना

रायफल कठीण पेटीत, कुलूप लावून, बोल्ट काढून वेगळा. .22 असेल तर काडतुसं वेगळ्या पेटीत आणि परवाना अंगावर. एअर रायफलीला परवाना लागत नसला तरी खरेदीची पावती, क्लबचं ओळखपत्र आणि स्पर्धेचं पत्र जवळ ठेवा. मध्यरात्री फलाटावर पोलिसानं लांबट पेटीकडे बोट दाखवलं की कागद बोलतो. सिलिंडर पूर्ण भरून उन्हातल्या डब्यात ठेवू नका. मे महिन्यात पूर्णेच्या फलाटावर दुपारी बाकाला हात लावता येत नाही.

परवा पुतणीची रायफल विकायची वेळ आली. तिला आता वरचं मॉडेल हवंय. घेणारे नांदेडचे होते, त्यांचा मुलगा नववीत. मी टेबलावर बदललेलं सिलिंडर ठेवलं, तारीख त्यांच्याकडे केली, आणि म्हटलं, "हे आधी वाचा. अजून सहा वर्षं आहेत." त्यांनी वाचली, वहीत लिहून घेतली, मग म्हणाले, "साइट यातच आहे ना?"

यातच आहे, असं सांगितलं आणि साइटचा डबा पेटीत ठेवला.